मखरातलं विमान

गावंडे साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या मागच्या टोकानं माझा खांब टोचून पाहिला.

"मॅडम, हे गणपतीच्या मखराचंच थर्मोकोल ना?"

"त्याच जातीचं, जरा घट्ट. आणि पेन लावू नका, साहेब. खळी पडली तर तीही रडारला दिसेल."

"खळी दिसते म्हणे," ते बिवलकर सरांकडे वळून म्हणाले. "आणि आमचं विमान या मखरात बसवून राहिल्या."

सर हसले. मला हसू आलं नाही. गणपती पंधरवड्यावर आले होते, शहरात रस्तोरस्ती मखरांचे ढीग लागले होते आणि हा विनोद मी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकून झाला होता.

बरीच वर्षं झाली याला. पुण्याबाहेर एका टेकडीच्या आडोशाला आमचं चाचणी केंद्र होतं. विमानांची, बोटींची लहान मॉडेलं रडारला किती दिसतात हे आम्ही मोजायचो. त्यासाठी एक मोठी, बिनखिडक्यांची खोली होती, तिला सगळे चेंबर म्हणत. भिंतींना, छताला, जमिनीला निळ्या फोमचे टोकदार सुळके लावलेले. रडारची लहर त्यांत शिरली की तिथेच जिरायची. परत येईल ते फक्त मॉडेलवरून यावं, अशी सगळी व्यवस्था. पण मॉडेल अधांतरी राहत नाही. ते कशावर तरी ठेवावं लागतं, आणि ते जे काही असेल तेही रडारला दिसतं. आमचा जुना लोखंडी खांब पुढे कललेला, धारदार कडेचा होता, लहर बाजूला निसटून जावी म्हणून. मोठ्या मॉडेलांना तो चालायचा. बाहेरच्या ऑफिसातून चाचणीसाठी आलेल्या गावंडे साहेबांचं पायलटशिवाय उडणारं विमान मात्र मुळात दिसू नये म्हणूनच घडवलेलं. त्याच्याखाली तो लोखंडी खांब म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाला झाकून मामानंच मिरवावं तसा प्रकार होता.

थर्मोकोल म्हणजे जवळजवळ हवाच. रडारला हवा दिसत नाही. चार वर्षं मी त्या एका गोष्टीच्या मागे होते. खांब किती जाड हवा, कुठे निमुळता व्हायला हवा, म्हणजे वजनही पेलेल आणि दिसणारही नाही, हे करून बघत होते. गोंदसुद्धा रडारला दिसतो, म्हणून दोन अर्धे भाग फक्त कडेकडेनं चिकटवले आणि मधोमध वरपासून खालपर्यंत अंगठ्याएवढ्या जाडीची पोकळी तशीच ठेवली. वर वाळूची पोती ठेवून वजनाची चाचणी झाली, त्या कागदावर बिवलकर सरांनी सही केली. मला या कामात आणलं सरांनी, शिकवलं सरांनी. केंद्रात माझ्या खांबाच्या बाजूनं बोलणारा माणूसही तेवढा एकच.

बाकीच्यांना परदेशी खांब मागवायचा होता. संचालकांनी मला बोलावून सरळच सांगितलं. "गावंड्यांनी शुक्रवारपर्यंत तुमचा खांब चालतो असं म्हटलं तर ठीक. नाहीतर हा विषय बंद. तुम्ही अँटेनाच्या विभागात जा आणि खांब भंगारात."

मी मुळातच संशयी. आमच्या धंद्यात तो दुर्गुण धरत नाहीत, उलट त्याचाच पगार मिळतो. तेव्हा गावंडे साहेब दोन लाकडी खोकी घेऊन आले, त्यातलं एकच उघडलं आणि दुसऱ्यावर चहाचा कप ठेवून बसले, हे माझ्या लगेच डोळ्यावर आलं.

"या खोक्यात काय आहे?" मी विचारलं.

"सुटे भाग."

"कसले?"

"सुटे," ते म्हणाले आणि चहा पीत राहिले.

कामाची पद्धत ठरलेली होती. आधी नुसता खांब मोजायचा. मग त्यावर मॉडेल ठेवून मोजायचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मॉडेल तेवढं उरतं. नुसता खांब मी सोमवारी सकाळी मोजला. पडदा स्वच्छ होता, जणू चेंबरमध्ये काही नव्हतंच. मग गावंडे साहेब शिडीवर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी विमान खांबावर बसवलं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची अट होती. चेंबरच्या जमिनीखाली एक खड्डा होता, त्यात खांब फिरवणारी चकती आणि तिची मोटर. "खालचं मी बघतो," म्हणून सर खड्ड्यात उतरले. मी बाजूच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसले. दोघं बाहेर आले, दार लागलं, चकती फिरू लागली.

आणि पडद्यावर खूण आली. विमान फिरेल तशा त्याच्या पंखांच्या, शेपटीच्या खुणा पुढेमागे सरकत होत्या. ही एक मात्र जागची हलत नव्हती. जे बरोबर मध्यावर असतं तेच असं जागचं हलत नाही. म्हणजे ती खूण माझ्या खांबाच्या पोटातून येत होती.

"हे काय हाय मॅडम?" गावंडे साहेब माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "मखर दिसून राहिलं ना."

मी पडद्यावरचा आकडा वहीत लिहून घेतला.

"गोंद असेल," सर मागून म्हणाले. "वर वजन आलं की सांधा दबतो. गोंद एका जागी येत असेल."

विमान उतरवलं. सर चकती बघायला म्हणून खाली जाऊन आले. मी पुन्हा नुसता खांब मोजला. पडदा स्वच्छ. पुन्हा विमान चढवलं, पुन्हा खूण. मंगळवारचा अख्खा दिवस मी गोंदाच्या मागे घालवला. भिंग घेऊन सांधा वरपासून खालपर्यंत तपासला. गोंद जिथे असायला हवा तिथेच होता, पापडासारखा पातळ. सर अधूनमधून येऊन माझ्या मागे उभे राहत आणि "बघ, नीट बघ," म्हणत.

संध्याकाळी मला एक सुचलं. रडारची लहर उभी सोडता येते, आडवीही सोडता येते. उभ्या लहरीला उभी वस्तू जास्त दिसते, आडवीला आडवी. मी दोन्ही सोडून पाहिल्या. आडव्या लहरीत ती खूण जवळजवळ नाहीशी झाली. उभ्या लहरीत ठळक.

"गोंद नाही हा," मी दोघांना म्हणाले. "गोंद दोन्हींत थोडाथोडा दिसला असता. आत काहीतरी उभं, सरळ, बारीक आहे. काठीसारखं."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

"मॅडम, एक विचारू?" गावंडे साहेब म्हणाले. "राग नका मानू. आतमध्ये तुम्हीच तर काही नाही घातलं ना? मजबुतीसाठी?"

"मी घातलं असतं तर नुसता खांब मोजतानाही ते दिसलं नसतं का?"

"तेच तर विचारून राहिलो. तेव्हा काढत असाल."

मला असा संताप आला की मी उठून पाणी प्यायला गेले. पण पाणी पिता पिता विचार केला, गावंडे बोलले ते बरोबरच आहे. विमान चढतं तेव्हा काहीतरी आत जातं आणि विमान उतरतं तेव्हा ते बाहेर येतं. फक्त ते करणारी मी नाही. आणि विमानाला हात कोण लावतं? गावंडे. उघडत नाहीत ते खोकं कुणाचं? गावंड्यांचं. परदेशी खांब यायचा झाला तर तो बघून यायला त्यांच्याच ऑफिसातलं कुणीतरी परदेशी जाणार, हेही माझ्या कानावर आलं होतं. विमानाच्या पोटातून एखादी सळई खाली पोकळीत सोडायला कितीसा वेळ लागतो? मला सगळं लख्ख दिसायला लागलं.

बुधवारी सकाळी मी गावंडे साहेबांसमोर उभी राहिले. "आज विमान मी चढवणार. तुम्ही पडद्यापाशी बसायचं."

नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, किंबहुना तशी आशाच होती. पण ते म्हणाले, "चढवा. मलाही पाहायचं आहे, मी नसलो की काय होते ते." आणि ते आपल्या खोक्यावर जाऊन बसले.

मी विमान हातात घेतलं. अंगानं हलकं, पोटात काही सैल नाही, खाली काही लोंबत नाही. मी ते उलटं करून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाशी धरून पाहिलं. शिडी चढून खांबावर बसवलं. बसताना खांब थोडा कुरकुरला, थर्मोकोल कुरकुरतोच. सर खड्ड्यात होते. मी शिडी घेऊन बाहेर आले, मागोमाग सर आले, दार लागलं.

"आली मॅडम तुमची काठी," गावंडे साहेब पडद्याकडे बघत म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

विमान मी चढवलं होतं. गावंड्यांनी चेंबरमध्ये पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. उरलेला हिशेब इतका सोपा होता की मी तो मनात दोनदा केला. दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं.

चकती थांबल्याबरोबर सर उठले. "मी खाली जाऊन येतो."

"आज मी जाते, सर."

"अगं, तिथे वंगण सांडलंय. साडी खराब होईल."

"होऊ दे."

सरांच्या आधी मी दारातून आत गेले आणि खड्ड्याची झडप उचलून खाली उतरले. खाली ओलसर वास होता. चकतीच्या मधल्या भोकातून एक बांबू वर गेलेला होता, थेट माझ्या खांबाच्या पोकळीत, आणि खाली लाकडी पाचर मारून पक्का केलेला. मी पाचर काढली आणि बांबू हळूहळू खाली ओढून घेतला. जुना, गुळगुळीत, तेल पिऊन पिवळा झालेला बांबू. त्याच्या बुडाशी हळदीकुंकवाचे वाळलेले पट्टे होते. वरचं टोक हातात आलं तेव्हा तिथे एक काळपट गोल घासलेली खूण दिसली, वर्षानुवर्षं तांब्या पालथा घालून पडते तशी.

ही काठी मी ओळखत होते. दर पाडव्याला मी सरांकडे जायची. काकू मला गुढीला गाठी बांधायला लावायच्या. त्या पौषात काकू गेल्या, म्हणून त्या वर्षी सरांकडे गुढी नव्हती.

सर खड्ड्याच्या शिडीवर, अर्धे आत अर्धे बाहेर, तसेच उभे होते.

"घरात इतकं वाळलेलं लाकूड दुसरं नव्हतं," ते म्हणाले. "किती वर्षं माळ्यावर आहे ती. म्हटलं, दिसणार नाही."

"दिसली."

"या खड्ड्यात ओल आहे. काठीनं ती प्यायली असेल. ओलं लाकूड दिसतंच."

मला ओरडायचं होतं. आवाज निघाला तो भलताच बारीक. "गोंद म्हणालात तुम्ही मला. दिवसभर मी भिंग घेऊन गोंद शोधत बसले, आणि तुम्ही मागे उभे राहून 'नीट बघ' म्हणत होतात."

त्यांनी काठीसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही.

"वजनाच्या चाचणीवर सही तुमची आहे, सर."

"तेव्हा वर वाळू होती. वाळू पडली तर गोळा करता येते." ते एक पायरी खाली आले. "सोमवारी विमान ठेवलं आणि खांब कुरकुरला. तू बाहेर होतीस. मला एकदम भीती वाटली. गाडीत ही काठी होती, घर आवरताना काढलेली, कुणाला तरी द्यायची म्हणून. गावंडे शिडीवर पाठमोरे होते, तेवढ्यात आणली."

"थर्मोकोल कुरकुरतोच. हे मला कुणी शिकवलं?"

"शिकवणं वेगळं, मृणाल. खांब दिसला तर नुसता दिसतो. आपण गोंदावर ढकललं असतं आणि तू तो पुढच्या वेळी सुधारला असतास. पडला तर पुढची वेळ नाही. सगळे म्हणाले असते, बाईनं मखर केलं आणि विमान फोडलं."

"शुक्रवारनंतर पुढची वेळ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

माझ्या कामावर विश्वास ठेवणारा एकच माणूस आहे अशा समजुतीत मी चार वर्षं काढली होती, आणि त्या माणसाच्या घरची गुढी माझ्या खांबाच्या पोटात निघाली. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"आता ही न घालता फिरवायचं," मी म्हणाले. बांबू खड्ड्याच्या कोपऱ्यात उभा केला, झडप लावली आणि झडपेवर उभी राहून सर बाहेर जाईपर्यंत थांबले.

चकती फिरत असताना आत कुणाला थांबता येत नाही. दार लागल्यावर सर पडद्याकडे आलेच नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी दाराला कान लावला. मी मोटर चालू केली. एक पूर्ण फेरा होईपर्यंत मला पडद्यापेक्षा सरांचा चेहराच जास्त दिसत होता. धप्प असा आवाज येईल म्हणून मीही वाट बघत होते. आवाज आला नाही. फेरा पुरा झाला. पडद्यावर पंख होते, शेपूट होती, मध्यावर काहीही नव्हतं. मी उभी लहर सोडली, आडवी सोडली. काही नाही.

गावंडे साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "कुठे गेली काठी?"

मी मोटर बंद केली.

"मॅडम, सकाळी होती, आता नाही. विमान तेच, खांब तोच. तुम्ही काय बदललं ते सांगा, नाहीतर मी हे मान्य नाही करणार. आकडे असे आपोआप नाही सुधारत."

बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. सांगावं तर सर निवृत्तीला आलेले, तोंडाला काळं फासून घरी जाणार. न सांगावं तर मी आकड्यांत हात मारला असं ठरणार. मी तोंड उघडलं, पण आधी कुणाचं नाव वाचवायचं हे मला ठरवता येईना.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सर आत गेले आणि बांबू घेऊन आले. गावंडे साहेबांच्या समोर टेबलावर त्यांनी तो आडवा ठेवला.

"ही मी घातली होती. हिला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खांब पेलेल असं मला वाटेना. संचालकांना मीच सांगतो."

गावंडे साहेबांनी हळदीकुंकवाचे पट्टे पाहिले. मग सरांकडे पाहिलं. ते चिडतील, फोन लावतील, असं मला वाटलं. पण ते एकदम ओशाळले, मान खाली घालून त्यांनी चहाचा कप खोक्यावरून उचलून बाजूला ठेवला.

"संचालकांना काही सांगू नका सर. मग मलाही सांगावं लागेल."

"काय?" मी विचारलं.

ते खोक्यावरून उठले. झाकणाचे खिळे काढले, वरचा पेंढा बाजूला केला. आत विमान होतं. हुबेहूब तसंच, पण काळं कुळकुळीत, नितळ, कुठे एक ओरखडा नाही.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "वर बसवलं ते साच्यातलं पहिलं, नापास झालेलं. थर्मोकोलवर खरं ठेवायची माझी छातीच नाही झाली, मॅडम. म्हटलं, पडलं तर नापासवालं पडू द्या."

मी त्या दोघांकडे पाहिलं. एकानं काठी लावली होती, दुसऱ्यानं विमानच बदललं होतं, आणि मी बिचारी आपला गोंद तपासत होते. मला हसू फुटलं. ते रडण्याच्या इतकं जवळचं होतं की सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आता खरं चढवा," मी पाणी पिऊन म्हणाले. "तुमच्या हातानं."

गावंडे साहेबांनी नाही म्हटलं नाही. शिडीची प्रत्येक पायरी ते आधी पायानं चाचपून मगच चढत होते. खरं विमान पहिल्यापेक्षा थोडं जड होतं. खांब कुरकुरला, जरा जास्तच वेळ. ते वरच थबकले, दोन्ही हात विमानाखाली धरून, तान्ह्या बाळाखाली धरावेत तसे.

"सोडा," मी म्हणाले.

त्यांनी एक हात काढला. मग दुसरा.

सर खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते. खाली उतरण्याआधी त्यांनी दोन्ही रिकामे तळवे पुढे करून मला दाखवले. मी ते पाहिले. ते वर आल्यावर झडपेतून खाली वाकूनही पाहिलं. स्वभावाला काय करणार?

दार लागलं. चकती फिरली. पडद्यावर ते काळं विमान एखाद्या चिमणीएवढं, कुठेतरी अंगावर ऊन पडावं तसं मध्येच चमकून पुन्हा विझत होतं. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"मॅडम," गावंडे साहेब हळूच म्हणाले, "खांब दिसून नाही राहिला."

या एका वाक्यासाठी मी चार वर्षं घालवली होती. सरांनी ते ऐकलं का, हे बघायला मी वळले. सरांची पाठ पडद्याकडे होती. ते स्टुलावर बसले होते, डोळे मिटून, दाराला कान लावून.

मी खुर्ची ओढत त्यांच्याशेजारी नेली, बसले, आणि मीही दाराला कान लावला.